हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला का? साहेबाच्या ओट्यांविषयी सविस्तर

नववीच्या मुलांची सहल विजयदुर्गला नेणाऱ्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न आहे. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'वरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी हेलियमचा शोध लावला, असे त्यांनी माहितीपत्रकांत आणि बातम्यांत वाचले. पुढे शोधल्यावर कुठे गुंटूर, कुठे लंडन अशी नावे आली. मुलांनी प्रकल्पाच्या वहीत काय लिहायचे, आणि गावातल्या माणसांसमोर ते कसे बोलायचे, असे त्या विचारतात.

ताई, मी सिंधुदुर्गात वर्षानुवर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि मुलांना घेऊन या किल्ल्यावर जात आलो, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. ओटे खरे आहेत. लॉकयर तिथे आले होते, हेही खरे आहे. पण ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. १८६८ साली ते विजयदुर्गात नव्हते, हिंदुस्थानातही नव्हते. तीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन ग्रहणे लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळली आहेत. ती सुटी केली की विजयदुर्गाच्या वाट्याला जे उरते, ते माझ्या मते आजच्या ऐकीव गोष्टीपेक्षा मोठे आहे.

पहिले ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ चे. चंद्राची सावली एडनकडून अरबी समुद्रावरून आली, कोकण किनारा ओलांडून जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणम अशी पूर्वेला गेली आणि पुढे सयामपर्यंत (आजचे थायलंड) पोचली. विजयदुर्ग या पट्ट्यात येत होते, एवढे या कथेत खरे आहे. ग्रहण फार लांबीचे होते. सयामच्या आखाताजवळ खग्रास स्थिती पावणेसात मिनिटांच्या आसपास टिकली, आपल्याकडे त्याहून थोडी कमी. वर्णपटदर्शक, म्हणजे उजेडातले रंग सुटे करून दाखवणारे साधन, तेव्हा नवे होते. किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले होते, की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रेषा उजेडात सोडते. त्यामुळे ग्रहणात सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या लालसर ज्वाळा कशाच्या आहेत, हे आता रेषांवरून ओळखता येणार होते. या एका प्रश्नासाठी दूरदूरची माणसे हिंदुस्थानात आली.

फ्रान्सचे झान्सेन गुंटूरला होते. मेजर टेनंट यांचे पथकही तिथेच होते. लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात थांबले. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणमला होते, आणि त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला. रघुनाथाचारींचे नाव मुलांना जरूर सांगा. त्या काळी सरकारी वेधशाळेत काम करून स्वतःच्या नावावर रूपविकारी (तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्याचा शोध असलेला हा हिंदी माणूस आपल्या पुस्तकांत सहसा भेटत नाही.

यातल्या अनेकांना त्या ज्वाळांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषांबरोबर एक पिवळी रेषाही दिसली. सोडियमची पिवळी जोडरेषा सगळ्यांच्या ओळखीची होती, तिला 'डी' म्हणत. ही नवी रेषा तिच्या अगदी शेजारी. कुणी ती सोडियमचीच धरली, कुणी 'डीच्या जवळ' अशी नोंद केली. पॉगसनना ती नेमकी डीवर बसत नाही अशी शंका आली होती, पण त्यांचा अहवाल फारसा कुणापर्यंत पोचला नाही. झान्सेनना मात्र दुसरीच गोष्ट सुचली. या रेषा एवढ्या झगझगीत आहेत, तर त्या बघायला ग्रहण तरी कशाला हवे? दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी भर उन्हात त्याच ज्वाळा वर्णपटदर्शकातून पाहिल्या.

लॉकयर त्या वेळी बत्तीस वर्षांचे होते आणि लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करत होते. खगोल हा त्यांचा नोकरीबाहेरचा ध्यास. ग्रहणाशिवाय ज्वाळा बघता येतील, ही कल्पना त्यांनाही स्वतंत्रपणे सुचलेली होती, पण त्यांनी मागवलेला वर्णपटदर्शक तयार व्हायला फार वेळ लागला. तो हातात आला १६ ऑक्टोबर १८६८ ला. २० ऑक्टोबरला त्यांनी लंडनमधूनच त्या रेषा पाहिल्या, आणि पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर नाही हे टिपले. झान्सेन यांचे हिंदुस्थानातून निघालेले पत्र आणि लॉकयर यांचे पत्र, दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचले गेले. म्हणून १८७२ साली काढलेल्या पदकावर दोघांचेही चेहरे आहेत.

तरीही 'हेलियमचा शोध अमुक तारखेला, अमुक जागी' असे एका ओळीत लिहिता येत नाही, आणि मुलांना हेच कळायला हवे. रेषा दिसली ऑगस्टमध्ये, अनेकांना. ती सोडियमची नाही हे लॉकयर यांनी ऑक्टोबरात पक्के केले. मग रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्याबरोबर त्यांनी प्रयोग करून पाहिले, की दाब आणि तापमान बदलून हायड्रोजनच अशी रेषा देतो का. तो देत नव्हता. सूर्यावर पृथ्वीला अनोळखी असे मूलद्रव्य आहे, हे म्हणण्याचे धाडस त्यांनी केले. 'हेलियम' हे नाव १८७१ मध्ये वैज्ञानिकांच्या सभेत उच्चारले गेले. पुष्कळांना ते पटले नव्हते. शेवटी १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा पाहिली. सूर्यावर सत्तावीस वर्षे नुसत्या रेषेच्या रूपात राहिलेले मूलद्रव्य आता बाटलीत होते.

आता १८९८ कडे येऊ. लॉकयर विजयदुर्गला आले, तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होत आली होती. ते आता एकसष्ट वर्षांचे, 'सर' किताब मिळालेले, 'नेचर' या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक होते. हेलियमचा माणूस म्हणून जग त्यांना ओळखत होते. गोंधळ कसा झाला असेल, याविषयी माझा अंदाज असा : 'हेलियम शोधणारा साहेब ग्रहणासाठी आपल्या किल्ल्यावर आला' हे वाक्य तोंडोतोंडी जाताना 'साहेबाने आपल्या किल्ल्यावर हेलियम शोधला' असे होणे अगदी सोपे आहे. पुढे कुणीतरी पुस्तकातले हेलियमचे सन त्याला जोडले असावे. यात कुणाची लबाडी नाही. शिवाय १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला लॉकयर खरोखरच हिंदुस्थानात आले होते आणि तेव्हाही त्यांनी समुद्रकाठच्या किल्ल्यावरूनच वेध घेतले होते. तो किल्ला केरळातला बेकल. समुद्र, किल्ला, लॉकयर, ग्रहण हे सगळे दोनदा जुळून आल्यावर सालांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही.

आपल्या भागातल्या मुलांना कागदपत्रांच्या आधी एक साधा प्रश्न विचारा. १८ ऑगस्ट म्हणजे श्रावणाचे दिवस. त्या वेळी विजयदुर्गच्या बंदरात काय स्थिती असते? नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, आणि सूर्यबिंब दिसले तर नशीब. दूरवरून जड दुर्बिणी घेऊन येणारा कोणता शहाणा माणूस ऐन पावसाळ्यात कोकण किनारा निवडील? घाटमाथ्याच्या पलीकडे जमखंडीलासुद्धा हर्शेल यांना ढगांच्या फटीतून वेध घ्यावे लागले होते. जानेवारीत मात्र आपले आकाश धुतल्यासारखे असते. देवगड तालुक्यातल्या मुलाला हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. त्याला फक्त ती दोन साले आणि दोन महिने समोर ठेवून द्या, बाकीचे तो स्वतः बोलतो. वर्गात मी नेहमी इथूनच सुरुवात करतो.

१८९८ ला विजयदुर्गच का, हा पुढचा चांगला प्रश्न आहे. त्या ग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून येऊन आपल्या किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येकडे विदर्भ, रेवा संस्थान, बक्सर अशी गेली. बहुतेक पथकांनी आगगाडीच्या सोयीची ठिकाणे निवडली : सोलापूरकडच्या मार्गावरचे जेऊर, विदर्भातली तळणी आणि पुलगाव, गंगाकाठचे बक्सर. दक्षिण कोकणात आगगाडी पुढची जवळजवळ शंभर वर्षे येणार नव्हती. इथे जड सामान आणायचे तर समुद्रातून, आणि लॉकयर यांना तेच हवे होते. आरमाराच्या जहाजाने जायचे आणि जहाजावरच्या माणसांना वेध घ्यायला शिकवायचे, ही त्यांची पद्धत होती. १८९६ साली नॉर्वेच्या किनाऱ्यावर त्यांनी तसेच केले होते, पण तिथे ढगांनी सगळे वाया गेले. विजयदुर्गात वाघोटणच्या खाडीचे मुख खोल आणि आडोशाचे आहे. आंग्र्यांनी आपले आरमार इथे ठेवले ते त्याच गुणामुळे. 'मेलपोमीनी' हे ब्रिटिश आरमाराचे जहाज इथे आले, पेट्या उतरल्या, आणि तिहेरी तटबंदीच्या आत छावणी पडली.

काळही आठवून द्या. मुंबईत प्लेग होता, शहर सोडून माणसे कोकणातल्या घरांकडे येत होती. पुण्यात रँडचा वध होऊन सात महिने झाले होते. अशा दिवसांत एक इंग्रज शास्त्रज्ञ किल्ल्यावर यंत्रे मांडत होता. गावातल्या माणसांना ते कसे दिसले असेल, याची कल्पना मुलांना करू द्या. 'साहेबाचे ओटे' हे नाव त्यांनीच ठेवले आणि आजवर टिकवले.

ओटे कशासाठी? ग्रहणाची खग्रास स्थिती त्या दिवशी दोन मिनिटांच्या आसपास होती. एवढ्या वेळात एकामागून एक छायाचित्रे घ्यायची, तर यंत्र तसूभरही हलता कामा नये. लाकडी तिकाटणे उघड्या किल्ल्यावरच्या वाऱ्यात थरथरते. म्हणून पक्के बांधलेले पाये लागतात. त्यांवर आरसा घड्याळी यंत्राने हळूहळू फिरत राहतो आणि सूर्याचा उजेड एकाच जागी स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्यात सोडतो. ओट्यावर उभे राहून मुलांना दक्षिणोत्तर रेषा होकायंत्राने काढायला लावा. मग ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच असेल ते विचारा. विजयदुर्गचा अक्षांश साडेसोळा अंशांच्या जवळ आहे, म्हणून उत्तर साडेसोळा अंश. अशा यंत्राचा आस त्याच कलाने बसवावा लागतो. भूगोलाच्या तासाला पाठ केलेला अक्षांश इथे हाताने मोजायची वस्तू होतो.

लॉकयर यांचा मुख्य भर प्रिझ्म कॅमेऱ्यावर होता, आणि ही कल्पना सुंदर आहे. नेहमीच्या वर्णपटदर्शकात उजेड एका बारीक फटीतून आत घ्यावा लागतो. ग्रहणात चंद्र सूर्याला पुरता झाकायच्या अगदी आधी सूर्याची एक केसाएवढी बारीक कोर उरते. ती कोर हीच फट. भिंगापुढे प्रिझ्म धरला की प्रत्येक रंगाची रेषा सरळ न उमटता चंद्रकोरीच्या आकारात उमटते. त्या काही सेकंदांत सूर्याच्या पृष्ठभागालगतचा पातळ थर, ज्याला वर्णावरण म्हणतात, तेवढाच उजेड देतो. एरवीच्या काळ्या रेषा क्षणात उजळ होऊन चमकतात. या वर्णावरणात हेलियमच्या रेषा ठळक असतात. म्हणजे हेलियम विजयदुर्गावर सापडला नाही, पण त्याचा अभ्यास करायला त्याचा शोधक इथे आला होता, हे वाक्य कुणीही बिनधास्त लिहावे.

जहाजावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना टोळ्यांत वाटून कामे दिली होती : कॅमेरे चालवणे, वेळ मोजणे, सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचे रेखाटन करणे. अशा कामात आधी कोरडा सराव करावा लागतो, कारण दोन मिनिटांत कुणालाही काही विचारायला सवड नसते. भर दुपारी, निरभ्र आकाशात ग्रहण लागले आणि काम पार पडले. पुढे रॉयल सोसायटीत जो अहवाल छापला गेला, त्याच्या शीर्षकातच विजयदुर्गचे नाव आहे, आणि लेखक म्हणून लॉकयर, जहाजाचे कप्तान चिझम-बॅटन आणि प्राध्यापक पेडलर अशी तीन नावे आहेत. पेडलर कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. प्रफुल्लचंद्र राय त्यांचेच विद्यार्थी. माझ्या दृष्टीने पुरावा म्हणून हा अहवाल पुरेसा आहे. १८६८ साठी असा एकही कागद विजयदुर्गच्या नावाने दाखवता येत नाही, उलट लॉकयर त्या साली कुठे होते हे तारीखवार ठाऊक आहे.

आता गावाच्या अभिमानाचा प्रश्न. दर वर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो, शाळांची मुले येतात. तो बंद व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. १८ ऑगस्ट ही तारीख हेलियमच्या इतिहासात खरीच आहे आणि त्या दिवशी सावली या किनाऱ्यावरूनही गेली होती. माझे म्हणणे एवढेच, की २२ जानेवारी हा विजयदुर्गचा स्वतःचा दिवस आहे आणि तोही साजरा व्हावा. तेव्हा आकाश मोकळे असते, रात्री दुर्बिणीतून मृग नक्षत्र दाखवता येते, आणि किल्ल्याच्या पायऱ्यांवर शेवाळ नसते. गावात बोलताना 'तुमचे चूक आहे' अशी सुरुवात करू नका. 'ओटे बांधले त्या वर्षाची माहिती मिळाली आहे' असे म्हणा. आपल्याकडे जुनी माणसे अशा माहितीचे मनापासून स्वागत करतात, हा माझा अनुभव आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते नाव जपले, त्यांचा आदर ठेवून बोलले की वाद होत नाही.

सहलीच्या आधी शाळेत एक प्रयोग करून घ्या. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मिठाचे कण टाका आणि जुन्या सीडीच्या तुकड्यापासून केलेल्या साध्या वर्णपटदर्शकातून ती पिवळी ज्योत पाहा. ही सोडियमची डी. मग जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाला विनंती करा. त्यांच्याकडे हेलियमची विद्युत्‌नळी आणि जाळीचा वर्णपटमापक असेल, तर मुलांना हेलियमची पिवळी रेषा दाखवता येईल. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, हेलियमची ५८७.६ वर. दीड नॅनोमीटरच्या आसपासचा फरक. सीडीवर तो सुटा दिसणार नाही, चांगल्या वर्णपटमापकावर दिसेल, आणि १८६८ साली हुशार माणसेही का फसली हे मुलांना व्याख्यानाशिवाय कळेल. वर्णपटदर्शकातून थेट सूर्याकडे मात्र कुणी बघायचे नाही. आकाशाच्या उजळ भागाकडे किंवा उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे बघितले तरी सूर्याचा वर्णपट दिसतो. एक मोठा माणूस सतत जवळ उभा ठेवा.

किल्ल्यावर वेळ कमी असेल तर इतिहासाचे भाषण आटोपते घ्या. भोज शिलाहाराचा घेरिया (किल्ल्याचे जुने नाव), शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये घेतलेला विजयदुर्ग, आंग्र्यांचे आरमार आणि १७५६ चा पाडाव, हे मुलांना चौथीपासून ठाऊक असते. ओट्यांपाशी निवांत अर्धा तास मिळाला पाहिजे.

प्रकल्प पुढच्या वर्षी वाढवायचा असेल तर एक दिशा सुचवतो. त्याच दिवशी तीच सावली विजयदुर्ग सोडून काही मिनिटांतच करमाळा तालुक्यातल्या जेऊरवर गेली. तिथे अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते, जपानचे पथक होते, आणि पुण्याचे कावसजी दादाभाई नायगामवाला होते. नायगामवाला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकवत. पुढचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय ते हेच. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी तिथे तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती आणि वीस इंची परावर्तक दुर्बीण आणवली होती, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. जेऊरच्या ग्रहणावरचा त्यांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद पडली आणि यंत्रे कोडाईकॅनालला गेली. लॉकयर यांच्या नावाने आपल्याकडे निदान ओटे आहेत. नायगामवालांचे नाव महाराष्ट्रातल्या शाळेतल्या मुलाला कुठेच भेटत नाही. तुमच्या मुलांनी विजयदुर्ग आणि जेऊर एकाच नकाशावर घेऊन त्या सावलीची वाट काढली, आणि वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी कोण उभे होते ते लिहिले, तर तो प्रकल्प मला वाचायला पाठवा.